ब्रॉडी : नौदलाचा विमानतळ ते लष्कराची छावणी (आणि मध्ये आपले 'व्हाइट टायगर्स')

पश्चिमवारा

मंडळी, वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, पेम्ब्रुकशरमध्ये ब्रॉडी नावाचा एक जुना विमानतळ आहे. हॅव्हरफर्डवेस्टहून सेंट डेव्हिड्सच्या रस्त्याला लागलात की न्यूगेलची चौपाटी लागते. ती संपून चढ चढला की उजव्या अंगाला कुंपण आणि मागे हँगरांची छपरं दिसतात. आज तिथे ब्रिटिश लष्कराची १४ सिग्नल रेजिमेंट आहे. काम इलेक्ट्रॉनिक युद्धाचं, म्हणजे शत्रूचे रेडिओ संदेश पकडायचे आणि बिघडवायचे. छावणीचं नाव कॉडॉर बरॅक्स. धावपट्टी आहे, पण हवाई तळ म्हणून ती कधीच बंद झाली.

या जागेने मालक किती बदलले बघा. १९४४ मध्ये हवाईदलाने सुरू केली. १९४६ मध्ये नौदलाकडे गेली, १९५२ पासून 'एचएमएस गोल्डक्रेस्ट' म्हणून पूर्ण वाढीचा नौदल तळ झाला. १९७१ मध्ये नौदल उठलं. १९७४ मध्ये हवाईदल परत आलं आणि त्याच वर्षी कुंपणाला लागून अमेरिकन नौदलाने आपलं बिऱ्हाड मांडलं. १९९२ मध्ये वैमानिकांचं प्रशिक्षण बंद झालं, १९९५ मध्ये अमेरिकन गेले आणि लष्कर आलं.

हे सगळं इथे लिहायचं कारण म्हणजे आपल्या नौदलाची पहिली लढाऊ जेट स्क्वाड्रन, आयएनएएस ३००, 'व्हाइट टायगर्स', ७ जुलै १९६० रोजी याच ब्रॉडीवर स्थापन झाली. तेव्हाच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित समारंभाला होत्या. आपल्याकडे गोवा, विक्रांत, सी हॅरियर यावर भरपूर लिहिलं जातं, ब्रॉडीचं नाव मात्र एका ओळीत उरकतात.

माझं मत असं की ब्रॉडीचा इतिहास विमानांचा कमी आणि कान लावून बसण्याचा जास्त आहे. आणि प्रश्न असा की, इतक्या वेळा रिकामी होऊनही ही जमीन सरकारने सोडली का नाही? नागरी विमानतळ करायचा, शेतकऱ्यांना परत द्यायची, काहीतरी. जाणकारांनी लिहावं.

---

फटकळ

आधी हे सांगा, साहेबाने सोडलेला विमानतळ साहेबाच्याच लष्कराने घेतला यात आपल्याला काय देणंघेणं? बाकी चालू द्या.

---

कोपऱ्यातला

फटकळराव आले, म्हणजे धागा शंभरी गाठणार. मी चहा टाकतो.

---

आकाशवेडा

छान विषय. "कान लावून बसणं" हे १९४४ लाही लागू पडतं. सुरुवातीला ब्रॉडी हा शेजारच्या सेंट डेव्हिड्स विमानतळाचा उपतळ होता. तिथे ५१७ स्क्वाड्रनची हॅलिफॅक्स विमानं होती. चार इंजिनांची, मूळची बॉम्बफेकी जात, पण या स्क्वाड्रनचं काम हवामान मोजायचं. अटलांटिकवर शेकडो मैल आत जायचं, ठरलेल्या ठिकाणी खाली समुद्राजवळ येऊन हवेचा दाब घ्यायचा, मग वर चढत जाऊन तापमान आणि आर्द्रता नोंदवायची, असं करत करत परत यायचं. युरोपातलं हवामान पश्चिमेकडून येतं. उपग्रह नव्हते, आणि युद्धामुळे जहाजांनी रेडिओवरून हवामान सांगणं बंद केलेलं. मग उद्याचा पाऊस आज बघायचा तर विमान घेऊन त्याला सामोरं जायचं, दुसरा उपाय नाही. नॉर्मंडीची चढाई ५ जूनवरून ६ जूनवर गेली ती हवामानामुळेच, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या अंदाजाचे नकाशे ज्या आकड्यांवर काढले जात, त्यातले काही असे जमवलेले असत.

हवामान वाईट म्हणून बाकीची विमानं जमिनीवर असत तेव्हा ही मंडळी त्याच कारणासाठी उडत. त्यातली काही परत आली नाहीत.

---

निळूभाऊ_कुलाबा

माझे मोठे काका नौदलात एअर मेकॅनिक होते. तमिळनाडूतलं सुलूर आणि नंतर गोव्यातलं दाबोळी. ब्रॉडीला ते गेले नव्हते, पण तिथे शिकून आलेल्या लोकांच्या हाताखाली तयार झाले. त्यांच्याकडून ऐकलेलं थोडं लिहितो.

व्हाइट टायगर्सचं सी हॉक हे दिसायला साधं विमान. एकच रोल्स-रॉइस नीन इंजिन, सरळ पंख, नाकाखाली २० मिमीच्या चार तोफा. पण इंजिनाचा धूर शेपटीतून बाहेर पडत नाही. नळी मध्येच दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर येते. त्यामुळे शेपटीकडचा भाग मोकळा मिळतो आणि तिथे इंधनाची टाकी बसवता येते. काका म्हणायचे, हे विमान ज्याने काढलं त्याला आधी पेट्रोलची चिंता होती, मग उडण्याची. बोटीवरून उडणाऱ्याला असायलाच हवी. खाली पंप नसतो, समुद्र असतो.

दुसरी त्यांची कायमची तक्रार खाऱ्या हवेची. उड्डाण झालं की गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, पंखांच्या बिजागऱ्यांना ग्रीस चोपडायचं. पंख दुमडायचे सांधे म्हणजे मीठ साठायची हक्काची जागा. बोट फिरवून बघायचे, पांढरं लागलं की त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याचा उद्धार. ब्रॉडीलाही अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो म्हणतात, म्हणजे शिक्षण योग्य जागीच झालं म्हणायचं.

---

वास्कोकर

निळूभाऊ, काकांना नमस्कार सांगा. दाबोळीतल्या त्या पिढीतले बरेच जण इथेच वास्कोत, चिखलीत घरं बांधून राहिले.

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे, बाजूला अलिझे आहे. काकांनी सांगितलेली ती दुभंगलेली नळी तिथे हात लावण्याच्या अंतरावर दिसते. शाळेच्या सहली येतात, पोरं सुपर कॉन्स्टेलेशनकडे धावतात कारण ते मोठं आहे. सी हॉककडे कोण बघत नाही.

---

पश्चिमवारा

@निळूभाऊ, सुंदर प्रतिसाद. अजून आठवेल तसं लिहा.

@आकाशवेडा, हवामानाचं कामही कान लावण्यातच मोडतं हे पटलं.

एक भर घालतो. ब्रिटिशांची पहिली सी हॉक स्क्वाड्रन, ८०६, ब्रॉडीलाच मार्च १९५३ मध्ये उभी राहिली. तीच ८०६ शेवटची आघाडीची सी हॉक स्क्वाड्रन म्हणून डिसेंबर १९६० मध्ये ब्रॉडीलाच बंद झाली. म्हणजे आपले व्हाइट टायगर्स जुलैत तिथे जन्मले आणि पाच महिन्यांत घरमालकांनी स्वतःचं तेच विमान निवृत्त केलं.

---

फटकळ

म्हणजे त्यांची टाकाऊ आपल्याला टिकाऊ. आता समजलं देणंघेणं.

---

खलाशी_निवृत्त

फटकळ, हे अर्धंच खरं आहे म्हणून लिहितो.

१९५९-६० मध्ये आपल्यासमोर पर्याय काय होते? विमानवाहू जहाज ठरलेलं होतं : अर्धवट बांधून ठेवलेली 'हर्क्युलिस', तीच पुढे विक्रांत. तिच्या डेकची लांबी, लिफ्टचा आकार, विमान हवेत फेकणाऱ्या कॅटापल्टची ताकद हे सगळं ठरून गेलेलं. त्यात बसणारं, हातात लगेच मिळणारं आणि चालवायला शिकवणारी माणसं उपलब्ध असलेलं जेट म्हणजे सी हॉक. काही नवीन मिळाली, काही वापरलेली. ब्रॉडीवर शिक्षक होते, सुटे भाग होते, हँगर होते. ले. कमांडर बी. आर. आचार्य यांच्याकडे स्क्वाड्रनची पहिली धुरा होती. पाणबुडीविरोधी अलिझे विमानं फ्रेंच, म्हणून ३१० स्क्वाड्रन फ्रान्समध्ये इयेरला मार्च १९६१ मध्ये उभी राहिली. त्याच महिन्याच्या ४ तारखेला बेलफास्टला विक्रांत नौदलात दाखल झाली. ३ नोव्हेंबर १९६१ ला जहाज मुंबईत आलं, तेव्हा विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा संच तयार होता. दीड वर्षात शून्यातून इतकं झालं.

आणि टाकाऊ म्हणाल तर याच सी हॉकनी डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाव झोडपलं. शत्रूच्या बंदरातली जहाजं आणि धावपट्ट्या त्यांनी निकामी केल्या. अकरा वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी मोडीत काढलेलं विमान होतं ते.

---

कोपऱ्यातला

🙏 खलाशीबुवा. चहा थंड झाला वाचता वाचता.

---

शेवंता_ठाणे

मला विमानातलं फार कळत नाही, पण 'एचएमएस गोल्डक्रेस्ट' म्हणजे जहाज ना? जमिनीवरच्या तळाला जहाजाचं नाव का?

---

खलाशी_निवृत्त

शेवंताताई, नौदलात किनाऱ्यावरची आस्थापनाही जहाज म्हणूनच नोंदली जाते. रॉयल नेव्हीने विमानतळांना पक्ष्यांची नावं द्यायची प्रथा पाडली : गोल्डक्रेस्ट, कॉन्डॉर, हेरॉन, फुलमार. आपण ती तशीच उचलली. कोची गरुड, आरक्कोणम राजाली, कुलाब्याचा शिक्रा आणि गोव्याचा हंसा. हंसाच्या गेटबाहेर पडताना खलाशी आजही "किनाऱ्यावर जातो" असंच म्हणतो, पाय आधीपासून जमिनीवर असले तरी.

---

शेवंता_ठाणे

हे भारी आहे :)

---

उदगीरकर

अवांतर. १९७४ नंतर ब्रॉडीवर हवाईदलाची टॅक्टिकल वेपन्स युनिट होती असं वाचलं. आधी हंटर, मग हॉक. तेच हॉक आज आपल्या बीदरला. आमच्या भागात सकाळी आवाज आला की म्हातारी माणसं "पोरं शिकायला निघाली" म्हणतात. ब्रॉडीलाही तेच चालायचं का? म्हणजे नवशिके?

---

आकाशवेडा

अगदी नवशिके नाही. उडवायला शिकून झालेल्यांना लढायला शिकवायचं : तोफा, रॉकेटं, बॉम्ब, एकमेकांच्या पाठीमागे लागणं. हे युनिट डेव्हनमधल्या चिव्हनोरहून १९७४ मध्ये ब्रॉडीला आलं आणि ऑगस्ट १९९२ पर्यंत राहिलं. शिक्षक अनुभवी असल्यामुळे युद्ध झालंच तर हेच हॉक साइडवाइंडर क्षेपणास्त्रं लावून हवाई संरक्षणाला वापरायचे असंही ठरलेलं होतं. शिवाय पिवळी बचाव हेलिकॉप्टरं होती. पेम्ब्रुकशरच्या कड्यांवरून पडलेले, बोटीतून वाहून गेलेले लोक उचलायची. जेट गेल्याचं दुःख फारसं कुणाला झालं नाही, पण हेलिकॉप्टरं गेली त्याचं वाटलं, असं तिथले लोक सांगतात.

त्याआधीच्या नौदल काळातलं माझं आवडतं विमान मात्र गॅनेट. ८४९ स्क्वाड्रन साठच्या दशकात ब्रॉडीला होती. पोटाखाली रडारचा भलामोठा फुगा, आणि आत अंधाऱ्या कप्प्यात दोन निरीक्षक पडद्यावर डोळे लावून. जहाजाच्या रडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही, म्हणून हे वर जाऊन बघायचं. पुढे एकामागे एक असे उलट्या दिशेने फिरणारे दोन पंखे. इंधन वाचवायला अर्धं इंजिन बंद करून एकाच पंख्यावर घिरट्या घालत. पश्चिमवारांच्या मताला हेही जोडा.

---

अनामिका_ब्रिस्टल

इतक्या प्रतिसादांत अमेरिकनांबद्दल कुणीच बोललं नाही? खरी गंमत तिथेच आहे.

१९७४ ते १९९५ ब्रॉडीच्या कुंपणाला लागून अमेरिकन नौदलाचं 'नॅव्हल फॅसिलिटी' होतं. बाहेर सांगायचं ते समुद्रशास्त्रीय संशोधन. प्रत्यक्षात ते 'सोसस' या यंत्रणेचं टोक. अटलांटिकच्या तळाशी हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनच्या, रांगा अंथरलेल्या, त्यांची केबल किनाऱ्याला येऊन या इमारतीत शिरायची. आत बिनखिडक्यांच्या खोलीत यंत्रांच्या रांगा. प्रत्येक यंत्रात कागद हळूहळू सरकतोय आणि सुई त्यावर आवाजाची वारंवारता जाळून उमटवतेय. पाणबुडीच्या पंख्याची, पंपाची, जनरेटरची प्रत्येकी वेगळी रेघ. त्या रेघा बघून माणूस सांगायचा की ही सोव्हिएत आहे, अमुक जातीची आहे, इकडे निघालीय. शेकडो मैलांवरून. सगळं चोवीस तास पाळ्यांमध्ये, आणि घरी बायकोला सांगायची सोय नाही. अधिकृतपणे हे जगासमोर आलं १९९१ मध्ये.

पाणबुड्या हळूहळू शांत होत गेल्या. त्यात वॉकर प्रकरणाचा हात होता असं मानतात. जॉन वॉकर हा अमेरिकन नौदलातला माणूस वर्षानुवर्षं रशियाला गुपितं विकत होता, १९८५ मध्ये पकडला गेला. तुमच्या पाणबुड्या आम्हाला किती ऐकू येतात, हे रशियाला त्याच्याकडून कळलं. शीतयुद्ध संपल्यावर याच यंत्रणेवर शास्त्रज्ञांनी निळे देवमासे ऐकले. म्हणजे "समुद्रशास्त्रीय संशोधन" ही थाप शेवटी थोडी खरी झाली.

म्हणून पश्चिमवारा, तुमचं मत बरोबर आहे, पण तुम्ही विमानांपासून सुरुवात केल्यामुळे मूळ मुद्दा मागे राहिला. विमानं हे ब्रॉडीचं दर्शनी दुकान. माल मागच्या खोलीत.

---

पश्चिमवारा

@अनामिका, मागच्या खोलीबद्दल सहमत. पण १९५२ ते ७१ या काळातल्या नौदल तळाला निव्वळ दर्शनी दुकान म्हणणं अन्याय आहे. तेव्हा मागची खोलीच नव्हती.

---

अनामिका_ब्रिस्टल

गॅनेट काय करत होतं मग? :)

---

उंडगा_पोरगा

एक मिनिट. पेम्ब्रुकशर, १९७७, ब्रॉड हेवन, उडती तबकडी! तो हाच परिसर ना? शाळेच्या पोरांनी मैदानापलीकडे यान बघितलं होतं. हेडमास्तरांनी सगळ्यांना वेगवेगळं बसवून चित्र काढायला लावलं तर बहुतेक सारखंच. कान लावून बसले होते म्हणता, परग्रहवासीयांना ऐकू गेलं असणार.

---

कोपऱ्यातला

आला. मला वाटलंच होतं, तबकडी येणार.

---

अनामिका_ब्रिस्टल

हो, हाच परिसर. फेब्रुवारी १९७७. त्या वर्षी तिथे तबकड्या आणि चंदेरी कपड्यातले उंच पुरुष दिसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. बऱ्याच वर्षांनी एका स्थानिक माणसाने सांगितलं की चंदेरी अग्निरोधक सूट घालून रात्री फिरणारा तो मीच, गंमत म्हणून. शाळेच्या पोरांनी काय बघितलं यावर मात्र वाद चालूच आहे. शेजारी जेटचा तळ, त्याच्या शेजारी "संशोधन केंद्र" असं लिहिलेली बिनखिडक्यांची इमारत. लोकांनी दोन अधिक दोन पाच केले तर त्यांचा काय दोष?

---

फटकळ

आमच्याकडे असता तर त्या चंदेरी माणसाचं देऊळ झालं असतं आणि वर्षाला जत्रा.

---

वास्कोकर

मूळ प्रश्नाकडे येऊ का? जमीन का सोडत नाहीत.

दाबोळीचंच बघा. पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये बांधलेला नागरी विमानतळ. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. खड्डे असतानाच रात्री दोन प्रवासी विमानं कशीबशी उडून निसटली. एप्रिल १९६२ मध्ये नौदलाने ताबा घेतला. १९६४ मध्ये हंसा सुलूरहून इकडे आला. तेव्हापासून धावपट्टी नौदलाची, आपण पाहुणे. सकाळच्या सरावाच्या वेळा राखीव, नागरी विमानांनी त्यातून वाट काढायची. "नौदलाने कारवारला जावं" ही मागणी मी लहानपणापासून ऐकतोय. शेवटी मोपाचा नवा विमानतळ झाला, पण हंसा जागचा हलला नाही.

सैन्याला मिळालेली सपाट जमीन सैन्य सोडत नाही, देश कुठलाही असो. माझं साधं उत्तर.

---

खलाशी_निवृत्त

वास्कोकर, त्याच हंसाने सोडलेल्या सुलूरची गोष्ट बघा. सुलूरचा इतिहास ब्रॉडीचा जुळा भाऊ शोभेल असा आहे. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल नेव्हीच्या विमानांचा तळ होता. पुढे आपल्या नौदलाची जेटं तिथे राहिली, ५ सप्टेंबर १९६१ ला आयएनएस हंसा म्हणून तिथेच दाखल झाली. नौदल गोव्याला गेलं आणि १९८४ पासून सुलूर हवाईदलाचा पूर्ण तळ. तेजस लढाऊ विमानांच्या ४५ आणि १८ या दोन्ही स्क्वाड्रन तिथे राहिल्या. म्हणजे व्हाइट टायगर्स जिथे जन्मले आणि भारतात जिथे आधी राहिले, ते दोन्ही नौदलाने सोडले आणि दुसऱ्या सैन्यदलाने घेतले.

पण सोडतच नाहीत हे खरं नाही. ब्रिटनमध्येच मोजा. अॅबट्सिंच हा नौदल तळ आज ग्लासगोचा मुख्य विमानतळ आहे. एग्लिंटनचा डेरी शहराचा विमानतळ झाला. ससेक्समधल्या फोर्डचं खुलं कारागृह झालं. लॉसीमथ हवाईदलाला गेला. स्कॉटलंडमधला आर्ब्रोथ, म्हणजे एचएमएस कॉन्डॉर, १९७१ पासून मरीन कमांडोंकडे आहे. ब्रॉडीचं नौदल उठलं तेच साल.

त्या सालामागचं कारणही सांगतो. १९६६ मध्ये ब्रिटनने नवीन विमानवाहू जहाजाची योजना रद्द केली आणि मोठी जहाजं टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं. जहाजं नाहीत तर विमानं कशाला, विमानं नाहीत तर किनाऱ्यावरचे तळ कशाला. ब्रॉडी तेव्हाच संपायला हवा होता. कुणाला नेमकी काय गरज होती, त्यावर प्रत्येक तळाचं नशीब ठरलं.

---

आकाशवेडा

सहमत. आणि ब्रॉडी नागरी विमानतळ होणं अवघडच होतं. आख्ख्या पेम्ब्रुकशरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. हॅव्हरफर्डवेस्टला विदीबुशचा छोटा विमानतळ आधीच होता, तोही युद्धकाळातला. अजून एक कोण चालवणार?

१९९५ चं गणित वेगळं. बर्लिनची भिंत पडली, जर्मनीतून ब्रिटिश फौजा परत यायला लागल्या, त्यांना राहायला आयत्या इमारती हव्या होत्या. १४ सिग्नल जर्मनीतून थेट इथे आली. हवाईदलाने सोडलेल्या तळावर क्वार्टर्स होत्या, मेस होती, हँगरांत गाड्या मावत होत्या, आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना हवी तशी उंच, मोकळी, शहरापासून लांब जागा. धावपट्टी फुकटात.

---

शेवंता_ठाणे

आणि 'कॉडॉर' कोण?

---

पश्चिमवारा

शेवंताताई, लॉर्ड कॉडॉर हे या भागातले मोठे जमीनदार. फेब्रुवारी १७९७ मध्ये जवळच फिशगार्डला सुमारे चौदाशे फ्रेंच उतरले. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची ती शेवटची परकी स्वारी. सैनिकांनी आधी गावातली दारू शोधली, पुढचं युद्ध फारसं झालं नाही. दोन दिवसांत कॉडॉर यांच्यापुढे शरण आले. जेमायमा निकलस नावाच्या बाईने गवताचा काटा घेऊन बारा फ्रेंच एकटीने पकडले अशी दंतकथा आहे, चर्चच्या आवारात तिच्या नावाचा दगडही आहे.

---

उंडगा_पोरगा

छावणीला जेमायमाचं नाव द्यायला हवं होतं.

---

शेवंता_ठाणे

+१००

---

अनामिका_ब्रिस्टल

आता पुढचं प्रकरण, कारण गोष्ट संपलेली नाही. छावणी बंद करायची घोषणा २०१३ मध्ये झाली, मग तारीख पुढे, मग आणखी पुढे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांनी जाहीर केलं की अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारं 'डार्क' हे रडार कॉडॉर बरॅक्सवर उभारायचं. योजनेत २७ मोठ्या तबकड्या आहेत (उंडगा, या खऱ्या तबकड्या), प्रत्येकी १५ मीटर व्यासाच्या.

स्थानिकांचा विरोध जोरदार आहे. शेजारी राष्ट्रीय उद्यानाचा किनारा, दृश्य बिघडणार, रेडिओ लहरींची भीती, आणि अमेरिकेच्या युद्धात आपण निशाणा होऊ ही जुनी धास्ती. 'पार्क अगेन्स्ट डार्क' नावाची मोहीम आहे. या भागाला विरोधाची सवय आहे. १९८१ मध्ये कार्डिफहून ग्रीनहॅम कॉमनच्या अण्वस्त्र तळावर चालत गेलेल्या बायका सगळ्यांना माहीत असतात. पुढच्या वर्षी कार्डिफहून ब्रॉडीवरही असाच मोर्चा गेला होता. नव्वदच्या सुमारास सेंट डेव्हिड्सच्या जुन्या विमानतळावर अमेरिकेचं मोठं रडार येणार होतं, ते लोकांनी लढून हाणून पाडलं.

मला स्वतःला विरोधकांचं पटतं.

---

खलाशी_निवृत्त

मला पटत नाही. उपग्रहांवर आज बँका, जहाजं, तुमचा फोन सगळं चालतं. ३६ हजार किलोमीटरवर कोण कुणाच्या उपग्रहाजवळ घुटमळतंय हे कुणीतरी बघायला हवंच. आणि सैनिकी कामाला ऐंशी वर्षं वापरलेल्या जागेवर नाही, तर मग कुठे? नव्या कुरणावर? तळ बंद झाला की त्या गावांतली दुकानं, शाळा यांचं काय होतं हे १९९२ नंतर तिथल्या लोकांनी बघितलंय.

---

अनामिका_ब्रिस्टल

दुकानं आणि शाळा छावणीतल्या कुटुंबांवर चालतात, खलाशीकाका. रडारला कुटुंब नसतं. सव्वीस-सत्तावीस तबकड्या सांभाळायला किती माणसं लागणार? जागा सैनिकी राहील, माणसं जातील. "आधीपासून सैनिकी आहे" हा युक्तिवाद लावला तर कुठलीच जागा कधीच सुटणार नाही. वास्कोकर तेच म्हणत होते.

---

वास्कोकर

मी म्हणालो होतो खरा, पण एक आहे. हंसा आहे म्हणून दाबोळीच्या पठाराचा तेवढा भाग तरी मोकळा राहिला. नाहीतर आज तिथे टॉवर उभे असते, "सी व्ह्यू" म्हणून. गोव्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको.

---

फटकळ

वास्कोकरांनी एकाच धाग्यात दोन्ही बाजूंनी बॅटिंग केली.

---

वास्कोकर

गोंयकार आसा मरे हांव. दोन्ही बाजूंनी मार खातो तो दोन्ही बाजूंनी बोलणारच.

---

निळूभाऊ_कुलाबा

काकांशी काल फोनवर बोललो. वय झालंय, पण सी हॉक म्हटलं की तासभर थांबत नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

एक, ब्रॉडीहून आलेल्या सीनियर मंडळींनी हत्यारं मोजायची सवय लावली. काम संपलं की प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रूड्रायव्हर पेटीतल्या त्याच्या आकाराच्या खाचेत ठेवायचा. एक खाच रिकामी दिसली तर विमान उडणार नाही, मग रात्र होवो. एकदा दाबोळीत एक छोटा पाना सापडेना म्हणून रात्री अकरापर्यंत पॅनेलं उघडून बसले होते. पाना सापडला एकाच्या ओव्हरऑलच्या खिशात. पुढे काय झालं ते काकांनी सांगितलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरी, ब्रॉडीला गेलेल्यांची कायमची आठवण थंडीची नव्हे, जेवणाची. उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, उकडलेलं मटण. त्यातल्या एकाने परतीच्या बोटीवर पहिल्या दिवशी आमटीभात मिळाला तेव्हा तीनदा वाढून घेतला होता म्हणे.

---

कोपऱ्यातला

तीनदाच?

---

उदगीरकर

निळूभाऊ, हे सगळं लिहून ठेवा. काका बोलतायत तोवर रेकॉर्ड करा.

---

पश्चिमवारा

+१ उदगीरकर. निळूभाऊ, वेगळा धागा काढाच.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्यापैकी मिळालं. खलाशीकाका म्हणतात तसं प्रत्येक वेळी कुणाची तरी गरज निघाली, आणि ती प्रत्येक वेळी निघाली कारण पलीकडे अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी आहे. ऐकायला याहून चांगली जागा ब्रिटनमध्ये फार नाहीत. डार्कबद्दल मात्र मी अनामिकाच्या बाजूला झुकतोय. तो किनारा बघितलाय.

डिसेंबरात गोव्याला येतोय. @वास्कोकर, बोगमाळोचं संग्रहालय कधी उघडं असतं?

---

वास्कोकर

सोमवारी बंद. बाकी दिवस सकाळी साडेनऊ वाजता जा, दुपारी उन्हात पत्रा तापतो. आणि येताना विमान दाबोळीचं घ्या, मोपाचं नको. मोपाहून बोगमाळोला टॅक्सीत जेवढे पैसे जातील त्यात माझ्याकडे दोन दिवस सुंगटाची आमटी होईल.

---

फटकळ

मला पण बोलवा. देणंघेणं आहे म्हणालो ना.